बॅटरीमागची जागा

आमच्या कंपनीत दुसऱ्या कंपन्यांचे फोन फोडायचं काम माझा मामा करायचा. ‘फोडायचं’ म्हटलेलं त्याला खपायचं नाही. “फोडायला दगड लागतो. मी उघडतो,” म्हणायचा.

समोरच्या कंपनीचा नवा फोन बाजारात आला की पहिल्या दिवशी, दुकानाचं शटर वर जायच्या आत मामा रांगेत उभा. दोन नग घ्यायचे, एक उघडायला आणि दुसरा, पहिल्यात काही शंका आली तर ताडून बघायला. रांगेत सगळी विशी-पंचविशीतली मुलं आणि मध्येच हा साठीकडे झुकलेला, गळ्यात चष्म्याची दोरी घातलेला माणूस. एकदा एका मुलीनं विचारलं, “काका, नातवासाठी का?” मामा म्हणाला, “नाही, पोस्टमॉर्टेमसाठी.” ती दोन पावलं मागे सरकली.

दुपारपर्यंत फोन लॅबच्या टेबलावर उताणा पडलेला असायचा. आधी ऊब देऊन आतला गोंद सैल करायचा, मग प्लॅस्टिकची पातळ पट्टी कडेनं फिरवायची. निघालेला प्रत्येक स्क्रू चुंबकाच्या पाटीवर, जिथून निघाला त्याच जागी. प्रत्येक भागाचं वजन, लांबी, जाडी. कोणता भाग कुणाकडून घेतलाय, कुठे काटकसर केलीय, कुठे सढळ हात सोडलाय. त्यावरून आमचे साहेब लोक ठरवत, की पुढच्या फोनमध्ये त्यांच्यावर मात कशी करायची. याला कुणी चोरी म्हणत नाही, कारण हे सगळेच करतात.

त्याआधी सव्वीस वर्षं मामा घड्याळजी होता. जिन्याखाली चार फुटांचं दुकान, एक स्टूल, एक दिवा. मी शाळेतून आले की त्याच्या पायाशी बसून बंद घड्याळं उघडायची. सोल्डरिंग मला त्यानंच शिकवलं, तेही शिव्या देत. मग लोक वेळ फोनमध्ये बघायला लागले आणि मामाच्या दुकानात फक्त पट्टे आणि सेल बदलायला गिऱ्हाइकं उरली. तेवढ्यात मी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनियर होऊन या कंपनीत प्लॅनिंगला लागले होते. लॅबमध्ये तेव्हा चार फोन उघडले की तीन फोनच्या काचा जायच्या. मी साहेबांना म्हटलं, माझा मामा आहे, एकदा बघा. मामा आपली हत्यारं कापडी पट्ट्यात गुंडाळून घेऊन आला आणि अठरा मिनिटांत त्यानं गोंदानं चिकटवलेला फोन ओरखडा न पाडता उघडला. साहेब टाळी वाजवायचेच बाकी होते.

नोकरी मिळाली, पण अकरा महिन्यांच्या करारावर. अकरा महिने संपले की एक महिना घरी, मग पुन्हा सही. असं सहा वेळा झालं. मामी म्हणायची, “नशीब, आपल्या लग्नाला अकरा महिन्यांची मुदत नव्हती. नाहीतर मलाही दरवर्षी सही करावी लागली असती.”

“तू पहिल्याच वर्षी पेन लपवलं असतंस,” मामा म्हणायचा.

“लपवलं कशाला असतं? मोडलंच असतं.”

कायम झाल्यावर घरच्यांच्या दवाखान्याची सोय होते आणि मामीच्या गुडघ्यांना ती हवी होती. मामाला मात्र कायम व्हायचं होतं ते एका पाटीसाठी. लॅबच्या दाराशी माणसांची नावं लिहिलेली पाटी होती आणि तिच्यावर फक्त कायम माणसांची नावं असत. सहा वर्षं ज्याच्या टेबलामुळे ती लॅब चालत होती, त्याचं नाव तिथे नव्हतं. तो तसं कधी बोलला नाही. पण आत शिरताना पाटीवरची धूळ मात्र बोटानं पुसायचा.

त्याची एक पद्धत होती, ती लॅबमध्ये कुणालाच येत नव्हती. फोन बंद असताना आत कुठे किती मोकळी जागा राहते, हे उघडल्यावर मोजता येत नाही. उघडला की ती जागाच नाहीशी होते. मामा काय करायचा, मऊ मेणाच्या बाजरीएवढ्या गोळ्या आत ठेवायचा, झाकण नीट बसवून फोन बंद करायचा, पुन्हा उघडायचा आणि चपटलेल्या मेणाची जाडी मोजायचा. तीन वेळा मोजायचा. तिन्ही आकडे जुळले तरच वहीत उतरवायचा.

ती वहीसुद्धा वाचण्यासारखी असे. ‘यांनी कॅमेऱ्याला गादी दिली आहे आणि स्पीकरला फरशीवर झोपवलं आहे.’ ‘सहा जातींचे स्क्रू. घाईत बनवलाय, शेवटी कुणीतरी कुणावर तरी ओरडलंय.’ समोरच्या कंपनीत आपल्यासारखाच कुणीतरी बसून आपले फोन उघडत असणार, अशी त्याची खात्री होती. त्याला तो ‘पलीकडचा’ म्हणायचा. आमच्या फोनमध्ये एखादी वायर वेडीवाकडी बसवलेली दिसली की मामा कळवळायचा. “अरे, पलीकडचा काय म्हणेल!” मी म्हणायची, “मामा, त्याला आनंदच होईल.” तो म्हणायचा, “कारागिराला नाही होत.”

मग आमच्याकडे नवे प्रॉडक्ट प्रमुख आले. त्यांना फोन पातळ हवा असायचा, मग पातळ झालेला आणखी पातळ हवा असायचा, म्हणून पहिल्याच महिन्यात त्यांचं नाव पातळकर पडलं. आडनाव काही वेगळंच होतं, ते आता मलाही चटकन आठवत नाही. पातळकरांना वही आवडली नाही. “ही काय कादंबरी आहे? मला आकडे द्या.” त्यांनी फॉर्म बनवायला सांगितला आणि तो मी बनवला.

फॉर्म सुटसुटीत होता. फोनच्या जाडीतला प्रत्येक थर नोंदवायचा, आणि तो काय आहे ते यादीतून निवडायचं. भाग, कवच, गोंद, किंवा रिकामी जागा. आणखी काही लिहायला जागा ठेवली नव्हती, कारण लिहायला जागा ठेवली की मामा लिहितो. हे मी त्याला हसत हसत सांगितलंसुद्धा. तोही हसला.

त्या वर्षी समोरच्या कंपनीचा मोठा फोन आला. मामानं तो उघडला, मेण लावलं, तीन वेळा मोजलं. बॅटरी आणि मागचं झाकण यांच्यामध्ये पॉइंट बेचाळीस मिलिमीटर जागा होती. बॅटरी वापरता वापरता हळूहळू फुगते. वर्ष-दीड वर्षात तिला तेवढी जागा लागते. मामाला हे पाठ होतं. पण फॉर्मच्या यादीत तसलं काही नव्हतं. भाग नाही, कवच नाही, गोंद नाही. उरली रिकामी जागा. त्यानं ती निवडली आणि पुढच्या थराकडे वळला. नंतर मला म्हणाला होता, “चाक फिरायला जागा लागते, हे घड्याळजी कधी लिहून ठेवतो का गं? बॅटरीमागची जागा वाचल्यावर शहाण्या माणसाला कळणारच, असं मला वाटलं.”

शहाणं माणूस म्हणजे मी. फॉर्म माझ्याकडे आला. मी रिकाम्या जागांचा रकाना मोठ्याकडून लहानाकडे लावला. सगळ्यांत वर आलं पॉइंट बेचाळीस. त्यावर मी स्लाइड केली आणि तिला मथळा दिला, ‘प्रतिस्पर्ध्यानं वाया घालवलेली जाडी’. मथळा मला फार आवडला होता.

मीटिंगमध्ये पातळकरांनी त्या ओळीवर पेन आपटलं. “म्हणजे अर्धा मिलिमीटर हवा विकतायत हे लोक?”

सगळे हसले. मीही हसले. बॅटरी फुगते हे मी दुसऱ्या वर्षाला शिकले होते, चार मार्कांना लिहिलंही होतं. त्या खोलीत ते माझ्या डोक्यात आलंच नाही. तिथे एकच गोष्ट चालली होती. त्यांचा फोन सात पॉइंट आठ मिलिमीटर, तिसरी कंपनी सात पॉइंट सहा आणणार अशी आवई, आणि आपण कितीवर जायचं. पातळकरांनी फळ्यावर सात पॉइंट चार लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. बॅटरीवाल्यांनी थोडी कुरकुर केली. मग पुरवठादाराचं पत्र आलं, की या बॅटऱ्या फारशा फुगत नाहीत. कुरकुर थांबली. मामाला अशा मीटिंगना बोलवायची पद्धत नव्हती. करारावरची माणसं वरच्या मजल्यावर येत नसत.

आमचा फोन आला. सगळ्यांत पातळ फोन म्हणून चौकाचौकात त्याचे फलक लागले, त्यात तो कडेनं दाखवलेला, जवळजवळ दिसतच नव्हता. ऑफिसात प्रत्येकाला एकेक मिळाला. मामानं त्याचा तो दोन दिवससुद्धा वापरला नाही. तिसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलाशी आला, पहिल्यांदाच वरच्या मजल्यावर, आणि त्यानं माझ्यासमोर कागद ठेवला. कागदावर मेणाचा एक पापुद्रा होता, इतका पातळ की खालची रेघ दिसत होती.

“पॉइंट अकरा,” तो म्हणाला. “ही कुणाची अक्कल?”

मी कागद उचलून उजेडाकडे धरला. मग मला सगळं एकदम कळलं.

“टेस्टिंगमधून पास झालाय मामा,” मी म्हणाले.

“टेस्टिंग किती दिवस?”

“तीन महिने.”

“आणि माणूस फोन किती दिवस वापरतो?” त्यानं आवाज खाली घेतला. “पोरी, हे आत्ता थांबलं तर थांबेल. जा आणि सांग.”

मी गेले. पातळकर जेवत होते. मी उभ्या उभ्या सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, तोंड पुसलं आणि म्हणाले, “दोन लाख फोन खोक्यात बसलेत. आता तुमच्या घड्याळवाल्यासाठी झाकण बदलू का?” मी लेखी काही दिलं नाही. मामानं दोन दिवसांनी विचारलं, तेव्हा मी म्हणाले, “सांगितलंय.” ते खोटं नव्हतं.

सात महिन्यांनी पहिले फोन परत आले. मागचं झाकण कडेनं उचललेलं, आत नख जाईल एवढी फट. मग काचेवर पिवळे डाग. मग एका बाईनं आपल्या फोनचं फुगलेलं पोट टेबलावर ठेवून भोवऱ्यासारखं फिरवलं आणि तो व्हिडिओ सगळ्या जगानं पाहिला. समोरच्या कंपनीनं पूर्ण पानाची जाहिरात दिली. त्यांचा फोन कडेनं दाखवलेला आणि खाली दोनच वाक्यं, ‘थोडा जाड आहे. मुद्दाम.’

मामानं ती जाहिरात बराच वेळ बघितली. “पलीकडच्यानं आपला फोन उघडला असेल तेव्हा,” तो म्हणाला, “त्याला वाटलं असेल, तिकडे सगळी गाढवं बसलीत.” त्याला नोकरीची काळजी वाटायच्या आधी याची लाज वाटली.

वरच्या लोकांना मात्र एक माणूस हवा होता. चौकशी बसली. पातळकरांनी निर्णय घेतला होता, पण निर्णय स्लाइडवरून घेतला होता, स्लाइड फॉर्मवरून झाली होती आणि फॉर्म लॅबमधून आला होता. असं एकेक पायरी उतरत चौकशी खाली आली आणि मामाच्या टेबलाशी थांबली. त्याच्या खाली आणखी पायरी नव्हती.

एका दुपारी एचआरच्या बाईनं आम्हा दोघांना बोलावलं. पातळकर खिडकीशी उभे होते. टेबलावर टाइप केलेला एक कागद होता. मामानं चष्मा लावला आणि तो मोठ्यानं वाचला. तो कुठलाही कागद मोठ्यानंच वाचायचा.

“‘माझं औपचारिक तांत्रिक शिक्षण झालेलं नाही. बॅटरीमागील जागा कशासाठी असते, याची मला कल्पना नव्हती. त्यामुळे मी ती रिकामी जागा म्हणून नोंदवली.’” वाचून झाल्यावर त्यानं चष्मा काढला. “हे कुणी लिहिलं?”

“मसुदा आहे, काका,” बाई म्हणाल्या. “भाषा बदलायची असेल तर बदलू.”

“भाषा चांगली आहे. पण मला कल्पना होती.”

“मग रिकामी का लिहिलीत?” पातळकर वळून म्हणाले.

“तुमच्या यादीत दुसरं होतंच काय?”

“प्रश्न विचारायचा होता ना.”

“कुणाला? वर यायची बंदी होती मला.”

पातळकर त्याच्यासमोर येऊन बसले. आवाज एकदम मऊ झाला. “हे बघा मामा. कंपनी तुम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही. सहा वर्षं झाली तुम्हाला. या कागदासोबत तुमचं कायम झाल्याचं पत्र तयार आहे. आजच्या तारखेचं.”

“आणि नाही केली सही तर?”

बाईंनी फाइल चाळली. “मग कल्पना कुणाला असायला हवी होती, ते बघावं लागेल. स्लाइडवर नाव आहे. शिक्षणही झालेलं आहे.” त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्याची गरजही नव्हती.

मामानं मात्र बघितलं. मला आजही वाटतं, की त्या वेळी मी एक वाक्य बोलले असते तर पुरे होतं. ‘फॉर्म मी बनवला. मथळा मी दिला.’ ही दोन वाक्यं झाली, पण कुठलंही एक चाललं असतं. माझी नोकरी गेली असती. मला दुसरी मिळाली असती, मी अठ्ठावीस वर्षांची होते. हे सगळं मला नंतर सुचलं असं मी लोकांना सांगते. तेव्हाही सुचलं होतं.

“पेन द्या,” मामा म्हणाला.

सही करताना तो नेहमी नावाखाली रेघ ओढायचा. त्या दिवशी ओढली नाही. पत्र घडी करून खिशात घातलं आणि मला म्हणाला, “चल, तुझ्या मामीला फोन करू. खूश होईल.”

मामी खूश झाली. तिनं शेजारीपाजारी सगळ्यांना सांगितलं. “मेल्या त्या अकरा महिन्यांचा बारावा घातला एकदाचा!” त्याच महिन्यात तिनं डॉक्टरांची तारीख घेतली. पहिल्या गुडघ्याचं ऑपरेशन छान झालं. मामाचं तोंड का पडलंय, हे तिला कळेना. “अहो, कायम झालात ना? मग सुतक कसलं?”

पाटीवर नाव आलं नाही. कारण ज्याला बॅटरीमागची जागा कळत नाही असा माणूस लॅबमध्ये कसा ठेवणार? चौकशीच्या अहवालातच तशी शिफारस होती. मामाची बदली परत आलेल्या मालाच्या गोदामात झाली. लांबलचक पत्र्याची शेड, एका बाजूला खोके, दुसऱ्या बाजूला वाळूच्या बादल्या. काम असं, की आलेला खोका उघडायचा, आतला फुगलेला फोन जाड हातमोज्यांनी उचलायचा आणि आग न लागणाऱ्या करड्या पिशवीत घालून वर चिठ्ठी लावायची. दिवसाला दोनशे-अडीचशे. सगळे आमचे, सात पॉइंट चारवाले. हातमोज्यांतून बोटांना काही कळत नाही, एवढं एकदा तो बोलला. बाकी तक्रार केली नाही.

मामीला खरं काय ते माझ्या आईकडून कळलं. तिनं मला घरी बोलावलं नाही, फोनवरच म्हणाली, “यांनी तुला घड्याळं उघडायला शिकवलं. तू त्यांना अडाणी ठरू दिलंस. चांगली फेड केलीस गं बाई.” मी म्हणाले, सही मामानं स्वतःहून केली. तिनं फोन बंद केला.

लॅबमध्ये मामाच्या टेबलावर आता मोठं यंत्र आहे. फोन न उघडताच आतलं चित्र काढतं. चित्र सुरेख येतं. पातळकर आहेत तिथेच आहेत. त्यांनी आता ‘मजबूत’ हा शब्द धरलाय. फॉर्मच्या यादीत मी पाचवा पर्याय घातला आहे, ‘राखून ठेवलेली जागा’.

गेल्या महिन्यात समोरच्या कंपनीचा नवा फोन आला. यंत्राच्या चित्रात बॅटरीमागे एक थर दिसत होता, मध्ये जाड आणि कडेला निमुळता. भाग नाही, गोंद नाही, जागाही नाही. लॅबमधल्या चौघांना काही सांगता येईना. सोमवारी पातळकरांना उत्तर हवं होतं. शेवटी मी तो फोन घेऊन गोदामात गेले.

मामा खोक्यांच्या दोन रांगांमध्ये स्टुलावर बसला होता. मला बघून त्यानं दुसरं स्टूल पायानं पुढे सरकवलं. तब्येत, मामीचा दुसरा गुडघा, आईचं बीपी, सगळं विचारून झालं. मग मी फोन काढला.

“मामा, एकदा बघ ना.”

त्यानं हातमोजे काढले. बोटांच्या टोकांना घामानं सुरकुत्या पडल्या होत्या. फोन हातात घेऊन तोलला, कडेनं अंगठा फिरवला, मागच्या झाकणावर नखानं दोनदा टिचकी मारली आणि कान लावला. त्याच्या तोंडावर जे आलं ते मी वर्षभरात बघितलं नव्हतं. त्याला कळलं होतं. पलीकडच्यानं काय केलंय ते त्याला स्वच्छ कळलं होतं.

“काय आहे?” मी विचारलं.

त्यानं फोन मांडीवर ठेवला. मग म्हणाला, “घरचं म्हणून विचारतेस की ऑफिसचं?”

घरचं म्हटलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, आणि मी ते सोमवारी स्लाइडवर घातलं असतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

“ऑफिसचं,” मी म्हणाले.

“मग मला कल्पना नाही.” त्यानं फोन माझ्या हातात दिला, हातमोजे चढवले आणि पुढचा खोका ओढून त्याची टेप फाडली.